मंगळवारचा होकार

त्या सकाळी पडद्यावर ‘नंतर’ हे बटण नव्हतं. सात वर्षं ते तिथे होतं. आठवड्यातून एकदा, बहुतेक मंगळवारी, कॉम्प्युटर सुरू केला की एक निळी चौकट उघडायची. तिच्यात बारीक अक्षरांत पुष्कळ काही लिहिलेलं असायचं आणि खाली दोन बटणं, ‘आता’ आणि ‘नंतर’. मी न वाचता ‘नंतर’ दाबायचे आणि कॉफी गाळायला उठायचे. इतक्या नेमाने मी दुसरी कुठली गोष्ट केली असेन असं वाटत नाही, चर्चलासुद्धा माझ्या दांड्या झालेल्या आहेत. आणि आज तिथे होतं ‘आता’, आणि शेजारी ‘समजलं’. बस्स. मला काय समजलं होतं? हातातला तांदळाच्या पिठाचा गरम गोड वडा, मोफो गासी, मी बशीत ठेवला, त्याचं तेल बोटांना होतं ते झग्याला पुसलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा ती बारीक अक्षरं वाचली. या यंत्राची ऑपरेटिंग सिस्टीम जुनी झाली आहे, यापुढे तिची काळजी घेतली जाणार नाही, नवी घेणं तुमच्या हिताचं आहे. माझ्या हिताचं काय आहे हे मला इतक्या शांतपणे कुणी सांगितलं की मला पहिला संशय येतो. मी ‘समजलं’ दाबलं. चौकट गेली, पण मन जागेवर येईना. खाली खाचरांतून विटांच्या भट्ट्यांचा धूर वर चढत होता, आमच्या डोंगरातल्या राजधानीत, तानात, जुलैच्या हिवाळ्यात सकाळी हाच वास असतो, आणि मी खिडकीशी उभी राहून तो नाकात भरत होते.

कॉम्प्युटर बाबांचा. म्हणजे आता माझाच, पण सात वर्षांत मी त्याला माझा म्हटलेलं नाही. त्यावरचा क्रोशाचा रुमालसुद्धा त्यांच्या वेळचा आहे. कीबोर्डच्या खाली त्यांच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली, शाई विटकी झालेली : ‘हो म्हणायचं नाही. मंगळवारी तर नाहीच.’ मंगळवार आमच्या घरात वर्ज्य. मंगळवारी काही सुरू करायचं नाही. हे मला कुणी शिकवलं असं नाही, रक्तातच होतं. शाळेत माझं नाव घातलं ते बुधवारी, वर्ग सोमवारी सुरू होऊनही. सोमवारी मला ताप होता, आणि मंगळवारी बाबा मला घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि नुसतं फाटक दाखवून परत घेऊन गेले. आतल्या सिस्टर हातवारे करून बोलावत होत्या. बाबांनी टोपी काढून त्यांना नमस्कार केला आणि आम्ही दोघं कोपऱ्यावर केळीच्या पानात उकडलेला शेंगदाण्याचा गोड कोबा खात बसलो. माझा दात मंगळवारी दुखायला लागला तर तो बुधवारपर्यंत दुखत राहिला. माझं लग्न मोडलं ते मात्र मंगळवारी, पण ते मोडणं होतं, सुरू करणं नव्हे, त्यामुळे त्याला कुणाची हरकत नव्हती. चोपन्न वर्षांची होऊन मी या नियमावर कधी चिडले नाही. उलट आठवड्यातला एक दिवस आपल्यावर कुठलीच सुरुवात कोसळणार नाही, या जाणिवेत मला एक प्रकारचं पांघरूण मिळत असे.

आता त्या कॉम्प्युटरच्या डब्यात काय होतं ते सांगायला हवं. बाबांच्या एकेचाळीस चाली. बाबा क्लॅरिनेट वाजवायचे, पूर्वजांना थडग्यातून बाहेर काढून नवं वस्त्र गुंडाळण्याच्या सोहळ्यांत वाजवणारा आमच्या भागातला बँड त्यांचा. दोन ट्रंपेट, तीन क्लॅरिनेट, व्हायोलिन, ढोल, ताशे. म्हातारपणी हात थरथरायला लागल्यावर कुणा जुन्या मित्राने त्यांना स्वरलेखनाचा एक प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर घालून दिला. त्याची तबकडी पुढे हरवली, मित्रही गेला. बाबा एका बोटाने टकटक करत त्यात चाली लिहायचे, मग यंत्राकडून वाजवून घ्यायचे आणि तोंड वाकडं करायचे. “हा तुतारीचा आवाज आहे की सर्दी झालेल्या बदकाचा?” नावंही अशी दिलेली : ‘बाकोलीने चप्पल हरवली’, ‘ओल्या विटा’, ‘पाद्रीबुवांचा सायकल-ब्रेक’. शेवटच्या चालीचं नाव होतं ‘मंगळवार’. ती त्यांनी कुणालाच वाजवायला दिली नव्हती, ती लिहून संपल्यावर पंधरा दिवसांत ते गेले. मी ती कितीदा ऐकली असेल. वर्ज्य दिवसाचं नाव, आणि चाल अशी खुशालचेंडू की बसल्या जागी पाय हलायला लागतो. माझ्या डोक्यात याचा मेळ कधी बसला नाही.

आणि येत्या ऑगस्टमध्ये, तीन आठवड्यांवर, आमच्या गावी अंबातोमेनाला थडगं उघडायचं होतं. बाबा आत गेल्यापासून पहिल्यांदा बाहेर येणार होते. बँडचा आत्ताचा म्होरक्या रात्सिंबा, बाबांच्या हाताखाली ताशा बडवत वाढलेला, त्याने फोन केला.

“हिराना, उस्तादांची ती शेवटची चाल वाजवायची. दुसरं काही वाजवलं तर ते कापडातून उठून बसतील. अकरा जणांचे कागद मला मेल कर.”

“करते की.”

“कधी?”

“करते म्हटलं ना.”

मी मेल उघडायला गेले तर मेलचं पान उघडेना. तुमची सिस्टीम जुनी आहे, आम्ही तुम्हाला आत घेऊ शकत नाही, अशा अर्थाचं काहीतरी. माझं पोटही याच पानावर आहे : चर्चच्या गायनमंडळांसाठी मी चालींचे वेगवेगळ्या आवाजांचे कागद करून पाठवते. आणि छपाईयंत्राने बाबांच्या प्रोग्रॅमशी बोलणं गेल्या वर्षीच टाकलेलं. म्हणजे बाबांची चाल डब्यात होती, मला दिसत होती, ऐकू येत होती, पण बाहेर काढायला दार नव्हतं. नवी सिस्टीम घातली तर दार उघडणार, आणि आतली चाल? या विचाराने मी दिवसभर भांडी एकदा धुतलेली पुन्हा धुतली.

आमच्या पायऱ्यांच्या तळाशी फांजाची टपरी आहे. फोन, रेडिओ, कॉम्प्युटर, सगळ्याची पोटं उघडून बसलेली असते. किनाऱ्यावरच्या तोआमासिनाची, तिशीतली, हसली की अख्खी टपरी हलते. आम्हा डोंगरातल्या लोकांचं थडग्यांचं प्रेम तिला फार गमतीचं वाटतं. मी डबा चादरीत बांधून पायऱ्या उतरून तिच्याकडे नेला. तिने कान लावला.

“काकू, ऐकताय? ही खडखड. आतली तबकडी थकलीय. किती दिवसांची सोबत आहे, सांगता येत नाही.”

“म्हणजे काहीच न करता तसंच ठेवलं तर?”

“तर एक दिवस ती स्वतःच सुट्टी घेईल. तुम्हाला न विचारता.”

“आणि नवी सिस्टीम घातली तर?”

“यंत्र सोसेल. पण तुमच्या बाबांचा तो प्रोग्रॅम तिथे उघडणार नाही. लेखी देते हवं तर.” मग माझा चेहरा बघून तिने पेचकस खाली ठेवला. “अहो, रडताय काय? आधी चाली बाहेर काढायच्या. या प्रोग्रॅममधून नुसते स्वर बाहेर काढता येतात, साध्या फाईलमध्ये. नवीन प्रोग्रॅमला ती वाचता येते. फुकटचा मिळतो, मी घालून देईन.”

“नुसते स्वर म्हणजे?”

“म्हणजे स्वर. नावं येणार नाहीत. जोरात, हळू, श्वास कुठे घ्यायचा, या सगळ्या खुणा गळणार. त्या तुम्ही कागदावर उतरवून ठेवा आणि मग नव्यात परत घाला.” ती हसायला लागली. “तुम्ही लोक नाही का, आजोबांना बाहेर काढता, नवं कापड गुंडाळता, कापडावर नाव लिहिता कुठे मिसळून जाऊ नयेत म्हणून, आणि परत ठेवता. आजोबा बदलतात का त्याने?”

“आजोबांना गुंडाळताना मधेच वीज गेली तर आजोबा पुसले जात नाहीत,” मी म्हटलं. मला तिचा राग आला होता, आणि तिचं पटलंही होतं. दोन्ही एकदम झालं की मी घरी जाऊन झोपते. त्या दिवशी झोपले नाही. वाण्याकडून वह्या आणल्या.

पुढचे नऊ दिवस माझ्या आयुष्यातले फार चांगले दिवस होते हे मला आता कळतं, तेव्हा मी नुसती पाठदुखीची तक्रार करत होते. वीज असेल तेवढा वेळ बसायचं. एकेक चाल उघडायची, एकदा वाजवायची, सर्दी झालेल्या बदकांसकट, आणि मग खुणा वहीत उतरवायच्या. श्वासाची खूण म्हणजे ओळीच्या वर एक लहानसा स्वल्पविराम. बाबांनी त्या इतक्या बारकाईने घातलेल्या की उतरवता उतरवता माझाच श्वास त्यांच्याप्रमाणे पडायला लागला. ‘ओल्या विटा’मध्ये लांबच लांब, दोन ओळींत एकदा, साठीतला तगडा माणूस, छाती भरून. ‘पाद्रीबुवां’मध्ये चुकार जागी, मधेच, म्हणजे तिथे हसू आवरायचं असणार. मला आठवलं, लहानपणी त्यांच्या खोलीच्या दाराबाहेर मी मक्याचं कणीस सोलत बसायचे आणि आतून एकच ओळ वीस वेळा यायची, आणि मधल्या शांततेत त्यांचा तो नाकाने घेतलेला श्वास. आई म्हणायची, याला हवा खायला घातली की झालं, वेगळा भात कशाला शिजवायचा. चाळिसाव्या चालीपर्यंत येता येता खुणा एकमेकींच्या जवळ आल्या होत्या. आणि ‘मंगळवार’मध्ये तर दर दीड मात्रेला एक. मी पेन्सिल खाली ठेवली. त्या शेवटच्या वर्षी पायऱ्या चढताना ते चौथ्या पायरीला थांबून खाली दिसणाऱ्या भट्ट्या मोजायचं सोंग करायचे. मला वाटलं हा तोच श्वास आहे, संपत आलेला, आणि माणसाने आपली धाप इतकी नीट लिहून ठेवावी याचं मला भयंकर वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. पण चाल तशीच खुशालचेंडू. तिला माझं वाईट वाटणं मान्यच नव्हतं. मी डोळे पुसत पायाने ठेका धरून बसले होते, हे कुणी खिडकीतून पाहिलं असतं तर काय म्हणालं असतं कोण जाणे. एकेचाळीस फायली दोन पेन ड्राइव्हवर गेल्या. दोन्हींना मी पांढऱ्या कापडाची पट्टी बांधली आणि तिच्यावर बाबांचं नाव लिहिलं, रालाईमिहोआत्रा, पूर्ण. एक माझ्या पिशवीत, एक तांदळाच्या डब्यात.

मग वीज. सिस्टीम घालायला सलग तीन तास वीज लागणार, मधे गेली तर जुनी ना नवी अशी गत. आणि आमच्या वस्तीत त्या महिन्यात वीज सलग तीन तास कधी टिकली होती? फांजा बातमी घेऊन पायऱ्या चढून वर आली, धापा टाकत.

“काकू, मिळाला दिवस! वरच्या चौकात कुठले तरी बडे पाहुणे येणारेत, भाषणं, लाउडस्पीकर. दिवसभर वीज जाणार नाही, वस्तीच्या मुकादमाने शपथ घेऊन सांगितलंय.”

“कधी?”

“मंगळवारी.”

गुरुवारी मला गावी निघायचं होतं, शनिवारी सोहळा. त्याआधी दुसरा दिवस नव्हता. फांजाला मंगळवारचं सांगितलं तर तिने दोन्ही हात डोक्यावर नेले. “एका वाराला वर्षातले बावन्न दिवस फुकट घालवता आणि वर म्हणता वेळ मिळत नाही!”

आमचे मुहूर्त बघणारे म्हातारबुवा तीन पायऱ्या-गल्ल्या पलीकडे राहतात, सोहळ्याचा शनिवार त्यांनीच काढून दिलेला. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी चटईवर बिया मांडल्या आणि गंभीरपणे विचारलं, “यंत्राचा जन्म कधीचा?” मी पावतीवरची तारीख सांगितली. त्यांनी बिया हलवल्या, पुन्हा मांडल्या, बोटांवर मोजलं.

“यंत्राला मंगळवार चालेल. हलका वार आहे, गोष्ट अडकून राहत नाही. माझा फोनसुद्धा स्वतःची नवी सिस्टीम घालतो, मला विचारतो थोडाच!”

“पण आमच्या घराला वर्ज्य आहे.”

“ते घराचं. घराचं मी सोडवू शकत नाही बाई. घरातल्या थोरल्यांना विचार.”

घरातलं थोरलं म्हणजे बाकोली आत्या, बाबांची मोठी बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची, गावी असते. फोन उचलते, ओरडून बोलते, सगळं ऐकू येतं तिला. एक फोन करायचा होता. पण थोरल्यांना विचारलं की मग ते सांगतील ते करावं लागतं, आणि ती ‘नको’ म्हणाली असती तर रात्सिंबाने शनिवारी काय वाजवलं असतं? न विचारता केलं तर ती माझी एकटीची चूक, विचारून केलं तर घराचा अपमान. असा हिशेब मी दोन दिवस घोळवला. खरं सांगायचं तर हिशेबबिशेब काही नव्हता. मला भीती वाटत होती. बाबांचा एक नियम मोडून बाबांचीच एक चाल वाचवायची, यातलं बाबा काय ते मला ठरवता येत नव्हतं.

मंगळवारी मी सकाळी आंघोळ केली, केस विंचरले, चांगला लांबा, म्हणजे आमच्याकडची शाल, खांद्यावर घेतला. भाताच्या खरवडीचं गरम पाणी कपात ओतून घेतलं. वरून लाउडस्पीकरचं घरघरणं येत होतं, म्हणजे वीज पक्की. फांजाने सगळी तयारी आदल्या दिवशी करून ठेवलेली, मला फक्त एक बटण दाबायचं होतं. ‘आता’ दाबल्यावर ते आणखी एकदा विचारत होतं : तुमची खात्री आहे? हो, नाही. कीबोर्ड जरा वर उचलून मी चिठ्ठी वाचली. ‘हो म्हणायचं नाही. मंगळवारी तर नाहीच.’ चोपन्न वर्षांची बाई, बोट हवेत. शाळेच्या फाटकाबाहेर उभी असल्यासारखं वाटलं, आत सिस्टर हात हलवताहेत आणि या वेळी बाबा हात धरायला नाहीत. मी मोठ्याने म्हटलं, “बाबा, माफ करा, पण तुमचं गाणं लोकांना ऐकू गेलं पाहिजे,” आणि ‘हो’ दाबलं.

काही झालं नाही. म्हणजे कडकडाट वगैरे. पडदा काळा झाला, गोल गोल फिरायला लागलं, एक टक्का. वर चौकात कुणीतरी प्रगतीबद्दल बोलत होतं. चार टक्के. खडखड ऐकू आली, थांबली, माझा श्वास थांबला, पुन्हा सुरू झाली. अकरा टक्क्यांवर ते इतका वेळ बसलं की मी अख्खं घर झाडून घेतलं. छत्तीसला एक घरचुका पारवा खिडकीत येऊन पडद्याकडे बघत बसला, आणि बाबांनीच त्याला विचारपूस करायला पाठवलेलं असणार असं धरून मी त्याला मूठभर तांदूळ घातला. एकोणसत्तर. मला जाणवलं की मला मजा येतेय. भीती होतीच, पण तिच्या खालून काहीतरी उकळी फुटल्यासारखं वर येत होतं, शाळा बुडवल्याचं, काहीतरी पहिल्यांदा न विचारता केल्याचं. शंभर. पडदा उजळला, कुठल्या तरी अनोळखी समुद्राचं चित्र आलं, आणि कॉम्प्युटरने मला ‘नमस्कार’ म्हटलं. मी पेन ड्राइव्हची पट्टी सोडली. नव्या प्रोग्रॅममध्ये एकेचाळिसावी फाईल उघडली. स्वर होते. सगळे. बिननावाचे, बिनखुणांचे, आंघोळ घातलेल्या पोरासारखे उघडे. वाजवले, तर तुतारी तुतारीसारखी वाजली! बदकाची सर्दी गेली होती. मी खिडकीतून ओरडले, “फांजा! आले, आले बाबा!” आणि खालून टपरी हलल्याचा आवाज आला. बुधवारभर मी वहीतून खुणा परत घातल्या, श्वास श्वास करत, वर नाव लिहिलं, अकरा कागद छापले आणि मेलसुद्धा केले. मेलच्या पानाने मला विनातक्रार आत घेतलं.

शनिवारी अंबातोमेनाला ऊन लख्ख होतं आणि वारा गार. दोनशे माणसं, गवती टोप्या, चरबीत न्हालेला भात आणि डुकराचं मांस मोठ्या पातेल्यांतून, पोरांच्या हातात ऊस. थडग्याचं दार उघडलं आणि एकेकाला चटईवर घेऊन बाहेर आणायला लागले. नावं पुकारली जात होती, आणि नाव पुकारलं की त्या त्या घरचे पुढे धावायचे. बाकोली आत्या माझ्या शेजारी खुर्चीत, मांडीवर नवं रेशमी वस्त्र घेऊन बसली होती. रात्सिंबाने कागद डोळ्यांजवळ धरला, ताशाला इशारा केला, आणि बँडने ‘मंगळवार’ धरलं. अकरा माणसं बाबांच्या जागी श्वास घेत होती.

“कुठली गं ही चाल?” आत्या माझ्या कानात ओरडली. “पायच राहत नाही जागेवर!”

“बाबांची. शेवटची.”

“नाव काय?”

“मंगळवार.”

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. हसत होती, बोळकं उघडून, डोळ्यांतून पाणी काढत.

“लबाड कुठला! मेला तरी सुधारला नाही. अगं, आमच्याकडे खाचर नांगरल्यावर ढेकळं फोडायची पाळी पोरांची असायची. त्याची पाळी मंगळवारी. नऊ वर्षांचा होता. एक दिवस घरात येऊन सांगितलं, आजोबा स्वप्नात आले आणि म्हणाले, या मुलाला मंगळवार वर्ज्य आहे, मंगळवारी काही सुरू करायला लावू नका. आई बिचारी भोळी, ऐकलं तिने. हा दर मंगळवारी ओढ्यापलीकडे पळायचा, बांबूची पिपाणी घेऊन. ढेकळं मी फोडली, मी! पाच वर्षं!”

“म्हणजे आपल्या घराला मंगळवार...”

“आपल्या घराला बकऱ्याचं मटण वर्ज्य आहे. तेवढंच. मंगळवार कुठून आणलास तू?”

मी कुठून आणला होता? शाळेचं फाटक, कोबा, दुखरा दात, बुधवारी लागलेलं नाव, सात वर्षांचं ‘नंतर’. मला वाटतं तो लबाड पोरगा मग थांबलाच नाही. एवढं खोटं एवढी वर्षं चाललं की त्याला त्यातून बाहेर येता आलं नसणार, किंवा यायचंच नसणार. कॉम्प्युटरवर कुणी तरी ‘आता करा’ म्हणालं की बाबांच्या आतला पोरगा ओढ्याकडे धावत असणार. आणि पुढे ट्रंपेट चढत होते, दर दीड मात्रेला श्वास, आणि मला ऐकू आलं की ही म्हाताऱ्याची धाप नाही. पळणाऱ्या पोराची आहे.

“रालाईमिहोआत्रा!” पुकारा झाला. आम्ही धावलो. नवं रेशमी वस्त्र गुंडाळलं, पट्ट्या घट्ट बांधल्या, आत्याने स्वतःच्या हाताने वर नाव लिहिलं. चार जणांनी उचललं, चौथा खांदा माझा. किती हलके झाले होते बाबा. बँड मागे, आम्ही नाचत थडग्याभोवती फिरायला लागलो, आणि सगळे त्यांना आपापल्या बातम्या सांगत होते, कुणाला नातू झाला, कुणाचं छप्पर बदललं. मी वस्त्राला तोंड लावलं, जिथे कान असेल असं वाटलं तिथे.

“बाबा, मी मंगळवारी ‘हो’ म्हटलं,” मी म्हटलं. “आणि आत्याने तुमचं सगळं सांगितलं.”

मग मला हसू आवरेना. माझा खांदा इतका हलायला लागला की बाबाही माझ्याबरोबर हलायला लागले. पुढे चालणारा चुलतभाऊ मान वळवून म्हणाला, “हिराना, रडू नकोस गं, आज आनंदाचा दिवस आहे.”